लॉकडाऊनमध्ये आमची बँक म्हणजे एक पोरगा आणि एक मशीन



आधी रानातलं सांगतो. तूर कापून वळई लावली आहे. हरभरा घाट्यात आहे. थंडी चांगली धरलीय, त्यामुळं रात्रीची पाण्याची पाळी सोडली तर हाताला जरा उसंत आहे. म्हणून आज पिकाचं नाही, पैशाचं लिहितो.

परवा तालुक्याला शेतकरी मेळावा होता. तिथं एक साहेब भाषणात बोलून गेले, "कोरोनानं नुकसान लई केलं, पण एक काम चांगलं केलं. खेडी डिजिटल केली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. साहेब खोटं बोलले असं माझं म्हणणं नाही, पण ते अर्धंच बोलले. उरलेलं अर्धं मी सांगतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. ज्याच्याकडं आधीच फोन, कार्ड आणि रेंज होती, त्याची बँक कोरोनात खिशात आली. ज्याच्याकडं यातलं एक जरी कमी होतं, त्याची बँक होती त्याहून लांब गेली. आणि खेड्यात एक जरी कमी असणारीच माणसं जास्त आहेत.

पहिल्यांदा साहेबांची बाजू घेतो. यूपीआय २०१६ साली सुरू झालं. मार्च २०२० मध्ये देशभरात यूपीआयचे १२४ कोटींच्या वर व्यवहार झाले. लॉकडाऊन लागला, दुकानं बंद झाली, आणि एप्रिलमध्ये तो आकडा १०० कोटींच्या आत आला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो २०७ कोटींवर गेला. सहा महिन्यांत दुप्पट. ही वाढ खरी आहे आणि तिचा फायदा मलाही झाला. माझा धाकटा त्या वेळी पुण्यात होता. त्यानं तिथून लाईटबिल भरलं, ठिबकवाल्याची बाकी फोनवरून दिली, आईच्या औषधाचे पैसे मेडिकलवाल्याला पाठवले. मी बांधावर बसून होतो आणि माझी तीन कामं झाली. त्यामुळं मी फोनच्या विरोधात आहे असं कुणी समजू नका. मी स्वतः यूपीआय वापरतो, हे पेजही मी फोनवरूनच लिहितो.

पण हे चालायला काय काय लागतं ते मोजून बघा. खातं पाहिजे. खात्याला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे, आणि तो नंबर चालू पाहिजे. यूपीआयचा पिन बनवायला त्या काळात एटीएम कार्डाचे शेवटचे सहा अंक लागायचे, म्हणजे कार्ड पाहिजे, आणि ते मुदतीतलं पाहिजे. साधा फोन चालत नाही, मोठा पाहिजे. त्यात रिचार्ज पाहिजे. वर गावात रेंज पाहिजे. या साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्या सगळ्या असून उपयोग नाही.

आता आमच्या गावातल्या बायकांची खाती बघा. जनधन योजना ऑगस्ट २०१४ ची. तेव्हा गावात कॅम्प लागला, मंदिराच्या सभामंडपात रांग लावून खाती उघडली. अर्जावर नंबर लिहिला नवऱ्याचा, दिराचा, नाहीतर तिथं उभ्या असलेल्या पोराचा. नंतर ते सिम बंद पडलं, कंपनी बदलली, नवऱ्यानं नंबर बदलला. २०२० साल उजाडलं तेव्हा कित्येकींच्या खात्याला जोडलेला नंबर कुणाच्याच फोनमध्ये वाजत नव्हता. पैसे आले तरी मेसेज येणार कुणाला?

नंबर बदलायचा तर शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागतो. शाखा आमच्यापासून अठरा किलोमीटरवर. एसटी बंद, काळीपिवळी बंद, नाक्यावर पोलीस. म्हणजे बँक म्हणणार शाखेत येऊ नका, फोनवर करा. आणि फोनवर करायला नंबर जोडायचा तर शाखेत या. कुलूप गावात आणि किल्ली तालुक्याला, अशी ही गत होती.

एप्रिल २०२० मध्ये सरकारनं महिलांच्या जनधन खात्यात महिना ५०० रुपये टाकायला सुरुवात केली. एप्रिल, मे, जून असे तीन महिने. गर्दी होऊ नये म्हणून खाते नंबरच्या शेवटच्या अंकावरून दिवस ठरवून दिले. ० आणि १ वाल्यांनी ३ एप्रिलला, २ आणि ३ वाल्यांनी ४ एप्रिलला, असं करत ८ आणि ९ वाल्यांनी ९ एप्रिलला, आणि त्यानंतर कुणीही कधीही. कागदावर ही सोय चांगली होती. पण ज्या बाईला पासबुक वाचता येत नाही तिला शेवटचा अंक कोण सांगणार? त्यात अफवा उठली की पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार परत घेणार. सरकारनं सांगितलं तसं काही नाही, पैसे तुमचेच आहेत, कधीही काढा. पण खुलासा व्हॉट्सअॅपवर फिरला आणि अफवा पाणवठ्यावर, म्हणून अफवाच आधी पोचली. बाया उन्हात चालत निघाल्या. पाचशे रुपयांसाठी तालुक्याला जाऊन येऊन छत्तीस किलोमीटर. शहरातल्या माणसाला हे खरं वाटणार नाही. पण ज्या घरात रोजंदारी बंद होती तिथं पाचशे रुपये म्हणजे तेल, मीठ, चहापत्ती आणि लेकराचं औषध होतं.

या सगळ्यात गावाला बँक म्हणून जे काही उरलं होतं, ते म्हणजे बँकमित्र. शेजारच्या गावचा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, त्याच्याकडं एक छोटी मशीन. शाळेच्या व्हरांड्यात चुन्याचे गोल आखून तो बसायचा. आधार नंबर टाकायचा, मशीनवर अंगठा ठेवायचा, जुळला की पैसे. कार्ड नको, पिन नको, फोन नको. ही आधारची सोय नसती तर त्या दोन महिन्यांत आमच्या गावात नोट दिसली नसती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

पण अंगठ्याचीही एक अडचण आहे आणि ती शेतकऱ्या-मजुराला जास्त आहे. ज्या हातानं तीस वर्षं कापूस वेचला, खुरपं धरलं, भांडी राखेनं घासली, त्या अंगठ्यावर रेघा राहतात कुठं? म्हाताऱ्या माणसांचं तर विचारूच नका. श्रावणबाळ योजनेचे हजार रुपये काढायला आमच्या भावकीतली एक आजी पाच दिवस आली. पोरगा अंगठा पुसायचा, दुसरं बोट लावायचा, मग दुसऱ्या हाताचं लावायचा. "आजी, लागंना वं," असं म्हणून तोही कंटाळायचा. त्यात सॅनिटायझर. प्रत्येकानं बोट पुसून लावायचं. ओलं बोट मशीन घेत नाही आणि कोरडं बोट लावायला लोक भ्यायचे, कारण आधी कुणी लावलंय काय माहीत. रोगाच्या दिवसात ज्याला हात लावू नये म्हणत होते, त्यालाच अख्खं गाव हात लावत होतं.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते, म्हणून सविस्तर सांगतो. बँकमित्राकडं बँकेची तिजोरी नसते. तो तुम्हाला जे पैसे देतो ते त्याच्या गल्ल्यातले असतात. तुमचा अंगठा लागला की तुमच्या खात्यातून रक्कम कटते आणि त्याच्या खात्यात जमा होते. म्हणजे त्याच्या खिशातली नोट गेली आणि खात्यात आकडा आला. त्या आकड्याची परत नोट करायला त्याला शाखेत जावं लागतं. गावातली वीस माणसं हजार-हजार काढून गेली की त्याचे वीस हजार संपले. मग मशीन चालू, सर्व्हर चालू, अंगठाही लागतोय, पण द्यायला पैसे नाहीत. लॉकडाऊनमध्ये त्याला नाक्यावर अडवायचे. शाखेत गेला तर रांगेत उभा करायचे. आणि या सगळ्याबद्दल त्याला मिळायचे व्यवहारामागं काही रुपये कमिशन. अशानं तो दर माणशी वीस-तीस रुपये कापून घ्यायला लागला. ते चूकच. पण त्याला चोर म्हणून मोकळं होण्याआधी त्याच्या जागी बसून बघा.

आता शेतीचं सांगतो, कारण या पेजवर येणारे बहुतेक जण शेतकरीच आहात.

२०१९-२० च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. लॉकडाऊनमध्ये व्यापारी त्याहून बरंच खाली मागत होते. म्हणून ज्याला दम धरता आला त्यानं सरकारी खरेदीची वाट बघितली. मीही बघितली. माझा नंबर लागला, माप झालं, पैसे खात्यात जमा झाले. इथवर सगळं ठीक.

मग जून आला. तुम्हाला आठवत असेल, २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात सोयाबीनचं बियाणं कित्येकांचं उगवलंच नाही. तक्रारी एवढ्या झाल्या की हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. माझ्या चार एकरांत तास मोजले, फुटाला एखादं रोप. दुबार पेरणीशिवाय इलाज नव्हता. रानात ओल होती, वापसा होता आणि तो तीन-चार दिवस टिकणार होता. बियाण्याला दहा हजारांच्या आसपास रोख पाहिजे होते. दुकानदार म्हणाला, उधारी बंद, कंपनी मलाच देत नाही. त्याच्याकडं फोनवर पैसे घ्यायची सोय तेव्हा नव्हती.

खात्यात कापसाचे पैसे होते. गावात बँकमित्राकडं गेलो, त्याच्याकडं दोन हजार निघाले. तालुक्याला गेलो, दोन एटीएमपैकी एक बंद आणि दुसऱ्यात पैसे नाहीत. शाखेत गेलो तर दारावर चिठ्ठी, कर्मचारी पॉझिटिव्ह निघाल्यामुळं शाखा अमुक दिवस बंद. त्यात शाखेचा दोष नाही, रोगच तसा होता. पण मला सांगा, माझे पैसे, माझं खातं, माझी ओल, आणि मी हात बांधून उभा. शेवटी पाहुण्याकडून हातउसने घेतले आणि चौथ्या दिवशी पेरलं. ज्याला असा पाहुणा नव्हता त्यानं सावकाराकडून शेकडा तीन-चार रुपयानं घेतले, किंवा रान पडीक ठेवलं. दुबार पेरणीत चार दिवस म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

कर्जमाफीचंही तसंच झालं. महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत यादीत नाव आलं की आधार प्रमाणीकरण करायचं, म्हणजे परत मशीनवर अंगठा. यादी फेब्रुवारी २०२० मध्ये लागायला लागली आणि मार्चमध्ये लॉकडाऊन. अंगठे थांबले, माफीही थांबली. जुनं कर्ज खात्यावर दिसतंय म्हणून बँक नवीन पीककर्ज देईना. मग सरकारला बँकांना सांगावं लागलं की ही रक्कम शासनाकडून येणं आहे असं धरा आणि या शेतकऱ्यांना खरिपाचं कर्ज द्या. सांगितलं हे बरंच झालं. पण पेरणी आदेशाची वाट बघत नाही.

ट्रॅक्टरच्या हप्त्यांचं वेगळंच. रिझर्व्ह बँकेनं २७ मार्च २०२० ला हप्ते तीन महिने पुढं ढकलायची मुभा दिली, नंतर ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. लोकांना वाटलं हप्ते माफ झाले. माफ नव्हते, थांबले होते, आणि व्याज चालू होतं. हे सांगणारा मेसेज आला तो इंग्रजीत. त्याचा फायदा घेतला भामट्यांनी. "बँकेतून बोलतोय, हप्ता पुढं ढकलायचा असेल तर आलेला ओटीपी सांगा." मराठीत, गोड बोलून. बँक इंग्रजीत बोलली आणि चोर मराठीत बोलला, मग लोकांनी कुणाचं ऐकावं?

दुसऱ्या लाटेचं लिहायला हात जड होतो. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आमच्या पंचक्रोशीतली चांगली चालती-बोलती माणसं गेली. त्यातल्या एका घरचं सांगतो, नाव-गाव नको. नवरा दवाखान्यात, बायको बाहेर. दवाखाना आगाऊ पैसे मागतोय. पैसे खात्यात आहेत, फोन बायकोच्या हातात आहे, पण पिन नवऱ्याच्या डोक्यात आणि नवरा ऑक्सिजनवर. आत कुणाला सोडत नाहीत. त्या माऊलीनं गळ्यातलं मोडलं. नवरा वाचला नाही. नंतर कळलं की खात्याला वारस म्हणजे नॉमिनी लावलेलाच नव्हता. मग दाखले, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे.

अजून एक. बऱ्याच खात्यांतून दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी ३३० रुपये कटायचे. ती पंतप्रधान जीवनज्योती विम्याची रक्कम. खातेदार कशानंही गेला तरी वारसाला दोन लाख. आता ती रक्कम ४३६ झालीय. ज्या घरात माणूस गेला त्या घरात पासबुक उघडून ३३० ची नोंद आहे का हे किती जणांनी बघितलं? पासबुक छापून घ्यायला शाखेतच जावं लागतं, आणि तिकडं जायची बंदी. मेसेज बंद पडलेल्या नंबरवर. मी आमच्या भावकीत दोन पासबुकं छापून आणायला लावली, एकात ती नोंद निघाली. त्या बाईला विमा काढला होता हेच माहीत नव्हतं. नोंद दिसली म्हणून दावा करता आला. दोन लाखांनी माणूस परत येत नाही, पण पोरीचं शिक्षण थांबलं नाही.

पुढं सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं कोविडनं गेलेल्या माणसाच्या वारसाला ५० हजार रुपये मिळाले. अर्ज ऑनलाईन. आधार, बँक खातं, कागद अपलोड. विधवा बाईनं हे करायचं कुठं? परत त्याच सेवा केंद्रावर, त्याच पोराकडं. म्हणजे डिजिटल झालं म्हणून मधला माणूस गेला नाही. पूर्वी तलाठी, सोसायटीचा सचिव, बँकेचा शिपाई होता. आता केंद्रचालक आहे. फरक एवढाच की पूर्वीच्या माणसाला निदान पगार होता आणि त्याच्यावर साहेब होता.

मला माहीत आहे, काही तरुण पोरं म्हणतील, "काका, शिकायला पाहिजे लोकांनी. किती दिवस रडणार?" पोरांनो, शिकलोच की. दहावी पास माणूस पन्नाशीत यूपीआय शिकला, हवामानाचं अॅप शिकला, ई-पीक पाहणी करतो. शिकून पिन लक्षात राहतो. पण शिकून झिजलेल्या अंगठ्यावर रेघा उगवत नाहीत, टॉवर उभा राहत नाही आणि एटीएममध्ये नोटा येत नाहीत. या गोष्टी बँकेनं आणि सरकारनं करायच्या आहेत. त्या लोकांच्या अडाणीपणावर ढकलू नका.

त्या काळात चांगलं झालं तेही सांगतो. आमच्या भागात पोस्टमननं मशीन घेऊन घरोघरी जाऊन पैसे दिले. खातं कुठल्याही बँकेत असो, आधार जोडलेलं असलं की पोस्टाच्या मशीनवर पैसे निघतात. तो माणूस सायकलवरून वस्तीवर यायचा. अंगठा लागला नाही तर दुसऱ्या दिवशी परत यायचा. लॉकडाऊनमध्ये खऱ्या अर्थानं बँक कुणी गावात आणली असेल तर त्यानं.

नंतरही काही सोयी झाल्या. साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवायची यूपीआय सोय मार्च २०२२ मध्ये आली. पीएम किसानच्या अॅपमध्ये अंगठ्याऐवजी चेहरा दाखवून केवायसी करायची सोय जून २०२३ मध्ये आली. दोन्ही चांगल्या. पण तारखा बघा. रोग आला २०२० मध्ये. पूर ओसरल्यावर नाव आली. पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ रोगाचीच असेल असं नाही, पुराची असेल, भूकंपाची असेल, नाव आधीच बांधून ठेवायला नको का?

म्हणून माझ्या मागण्या लिहितो. तुम्हाला पटल्या तर ग्रामसभेत मांडा.

१. बँकेनं वर्षातून दोनदा गावात येऊन मोबाईल नंबर, वारस आणि आधार जोडणीचं काम करावं. खातं उघडायला मंदिरात येता येतं, तर नंबर बदलायलाही येता येईल. एक दिवस पेरणीच्या आधी, एक दिवस दिवाळीनंतर.

२. बँकमित्राला निश्चित मानधन द्यावं आणि त्याला नोटा पोचवायची जबाबदारी शाखेनं घ्यावी. आणीबाणीत त्याला अत्यावश्यक सेवेचा पास पहिल्या दिवसापासून असावा.

३. प्रत्येक व्यवहाराची छापील पावती द्यावी, अंगठा लागला नाही तरी. नेमके किती पैसे कापायचे, कापायचे की नाही, हे भिंतीवर रंगवून लिहावं.

४. अंगठा लागत नाही म्हणून कुणाला परत पाठवू नये. डोळ्याची मशीन, चेहरा, नाहीतर दोन साक्षीदार आणि वहीत नोंद, काहीतरी दुसरा मार्ग प्रत्येक केंद्रावर पाहिजेच.

५. बँकेचा प्रत्येक मेसेज मराठीत यावा. ज्या भाषेत आमच्याकडून ठेवी मागता, त्याच भाषेत आमचे पैसे कटल्याचं सांगा.

आणि आपण आपल्या घरी काय करायचं, तेही लिहितो. हे कुणाची वाट न बघता उद्या करता येईल.

घरातली सगळी पासबुकं एकत्र काढा आणि छापून आणा. कुठल्या खात्याला कोणता नंबर आहे ते वहीत लिहा. प्रत्येक खात्याला वारस लावा. विम्याचे पैसे कटतात का बघा आणि ते बायकोला सांगा. पिन कुणाला सांगू नका हे खरं, पण घरातल्या निदान दोन माणसांची खाती स्वतंत्र आणि चालू असू द्या, म्हणजे एकजण आडवा झाला तर दुसऱ्याच्या हातात व्यवहार राहील. घरात थोडी रोख ठेवा, निदान एका पेरणीच्या बियाण्याइतकी.

मशीनवर किंवा एटीएमवर पैसे कटले आणि हातात आले नाहीत, तर गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप खात्यात परत आले पाहिजेत, आणि उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये बँकेनं द्यायचे. बँकेकडं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्यासाठी १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. कळवल्यानंतर जे पैसे जातात त्याची जबाबदारी बँकेवर येते, म्हणून जेवढं लवकर तेवढं बरं.

मेळाव्यातल्या साहेबांना माझं एवढंच सांगणं आहे. किती व्यवहार झाले ते तुम्ही मोजता, ते मोजाच. पण किती अंगठे लागले नाहीत, किती माणसं मशीनवरून रिकामी परत गेली, तेही एकदा मोजा. आम्ही पीक मोजताना उगवलेलं तेवढंच मोजत नाही, नांग्या किती पडल्या तेही मोजतो. नांग्या मोजल्याशिवाय भरता येत नाहीत.

तुमच्या गावात त्या दिवसांत पैसे कसे मिळाले, आणि आता काय स्थिती आहे, ते खाली लिहा. बँकेचं नाव घेऊ नका, काय घडलं तेवढं लिहा. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे, तुम्ही लिहिलेलं मी तिथं वाचून दाखवणार आहे.

हरभऱ्यावर घाटेअळी दिसायला लागलीय. पक्षी बसायला रानात जागोजागी काठ्या रोवा आणि सकाळी एक फेरी मारा.

राम राम.